दुभाष्या

बुकेकापोरच्या शाळेत सभा भरली.
बाकं मुलांची, गुडघे मोठ्यांचे.
कॅप्टन वोरावुत उभा, टोपी काखेत.
त्याचं गाव ईशान्येला, इथून दीड दिवस रेल्वेने.
आमची माशांची खारी चटणी त्याला आवडते,
आमची भाषा येत नाही.
म्हणून मी. निवृत्त मास्तर, चेगू निमात,
दोन्ही बाजूंना थोडा थोडा संशयित.

तो म्हणाला, डोंगरातल्यांशी बोलणं चालू आहे.
बोलणं. बोलणी नव्हे.
वरून तसा लेखी हुकूमच आहे म्हणे,
बोलणी केली की समोरचा बरोबरीचा ठरतो.
मधे राजधानीने एक वेलांटी उभी केलीय
वाळूच्या पोत्यांसकट.
भाषांतरात ती द्यावी की गिळावी
हे ठरेपर्यंत टेबलावरच्या पंख्याने
एकदा इकडून तिकडे मान फिरवली.

मग त्याने विचारलं, तुम्हीच सांगा,
दाब वाढवू, की बोलत राहू?

सगळे आपापल्या नखांकडे बघू लागले.
नखांत रबराचा चीक. साबणाने जात नाही तो.

पोह्-सू दोलोह खाकरला.
मागे एकदा रमजानभर शस्त्रसंधी होती, म्हणाला.
(मला या शब्दाची गंमत वाटते.
संधी शस्त्रांना, की माणसांना?
घडवणाऱ्यालाही ठरवता आलं नसावं.)
ईदनंतर चौथ्या दिवशी पुलाखाली स्फोट.
सैन्य म्हणालं, त्यांनी. ते म्हणाले, सैन्याने.
पूल काही बोलला नाही.

मागून रोसनानी उठली.
तिचा धाकटा भाऊ आवे डोंगरात,
हे सगळ्यांना ठाऊक, कॅप्टनलाही.
तिचा नवरा गेला दोन वर्षांमागे, पहाटे, बागेत,
कपाळावर दिवा बांधलेला असताना.
कुणाच्या गोळीने, तो रकाना रिकामा आहे.

ती म्हणाली,
रबराचं झाड रात्री दोनला पाझरतं.
तुमची संचारबंदी पाचला उठते.
तोवर चीक आटत आलेला असतो.
मला रात्रीचे तीन तास हवेत.
ते तुमच्याकडे आहेत की त्यांच्याकडे, ते आधी ठरवा,
मग सांगते कुणी कुणाशी बोलायचं.

मी जसंच्या तसं सांगितलं.
तीस वर्षांत पहिल्यांदा काही मऊ केलं नाही.
कॅप्टनने वहीत लिहून घेतलं.
तिरक्या नजरेने वाचलं मी:
'महिला सहकार्यास तयार.'

दोन दिवसांनी दुसरे आले.
मागच्या दाराने. दिवा लावू नका म्हणाले.
त्यातला एक माझ्याच वर्गातला,
हातचा घ्यायला नेहमी विसरणारा.
सभेत काय झालं? गाव कुणाकडे?
त्यांच्यापुढेही मी रोसनानीचे तीन तास ठेवले.
तो हसला. चेगू, एकदा जिंकलो
की चोवीस तास आपलेच.
चहा प्यायला, कप विसळून पालथा घातला,
लहानपणी मीच शिकवलं होतं तसा.

पाहुण्यांना आम्ही नेहमी सांगतो:
सुरी खोल गेली तर झाड मरतं,
उथळ गेली तर वाटी कोरडी.
पाहुणे माना डोलावतात, कुणी टिपूनही घेतं.
पण झाडाला कुठलं धोरण?
कापलं की ते वाहतं. इतकंच.

आज पावणेतीनला जाग आली.
उतारावर एक दिवा.
थांबतो. सरकतो. थांबतो.
कॅप्टनच्या चौकीवरून तो दिसत असणार,
डोंगरावरूनही.

मी खिडकी लोटून घेतली,
फट ठेवली.
तिची झाडं दोनशे चाळीस.
एकेक मोजत बसलो,
कुणालाही न सांगता,
कुठल्याही भाषेत.

एकशे सहावर डोळा लागला.